खोलीची खोली

माझ्या कपाटातली काचेची बशी
रोज बोटभर सरकत कडेला आली
आणि परवा रात्री पडलीच.
तिचे तीन तुकडे रुमालात बांधून
मी खाली गेले, भांडायला.

हिल्डिंगनं दार उघडलं. नुसत्या मोज्यांवर.
म्हणाला, "कितव्या मिनिटाला पडली?"

एकतीस वर्षं किरुनाच्या खाणीत ड्रिल धरलेला माणूस.
वरचे सूर त्याचे केव्हाच गेले:
चिमण्या, किटलीची शिट्टी,
गुनवोर होती तेव्हा
स्वयंपाकघरातून तिचं हाका मारणं.
उरला तो खर्ज.
उरलंय त्याचा तरी हिशेब नीट असावा,
एवढंच म्हणाला.

कोचाच्या मधोमध, बसलेल्या माणसाच्या कानाशी येईल असा
तिकाटण्यावर मायक्रोफोन.
कोपऱ्यात सबवूफर, फ्रीजएवढा,
वर क्रोशाचं आच्छादन. तिनंच विणलेलं,
"हे ध्यान झाकायला".
आणि चौकटीची वही. पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली.

ग्रह फुटतो तो सिनेमा: चार.
"आवाज मोठा आहे. मोठा म्हणजे खोल नव्हे.
तिसाच्या खाली सगळं कापून टाकलंय.
डबा बडवून भूकंप होतो का?"
पाणबुडीचा: साडेसात. आठ होते,
पण फळीवरच्या लिंगोनबेरीच्या बरण्या वाजल्या
आणि बरण्यांचे गुण सिनेमाला द्यायचे नसतात.
समुद्रातून येणारी ती अगडबंब पाल:
पहिलं पाऊल नऊ. दुसरं नऊ.
"अकराव्या पावलाला मला भूक लागली."

मी हसले नाही. बशी आईची होती.

"बस, मायलिस. हात खुर्चीच्या दांड्यावर.
कान सोडून दे."

पडद्यावर बंदरालगतचं घर.
एक बाई बटाटे सोलतेय.
कुणी मरत नाही, संगीत नाही,
सालं पडतात त्याचाच काय तो आवाज.
एकेचाळिसाव्या मिनिटाला तिची सुरी थांबते,
ती कशाकडेच बघत नाही
आणि माझ्या बरगड्यांखाली
कुणीतरी जड दार लोटलं.

ऐकू काही आलं नाही.
आलेखावर मात्र चौदा हर्ट्झपाशी
एक रेघ उभी, एकटी, भल्या माणसासारखी.

"ट्रक असेल," हिल्डिंग म्हणाला. "नाहीतर फेरीबोट.
चित्रीकरण चालू असताना कुणी रस्त्यानं गेलं.
पुढे ज्यानं आवाज निवडले, पाखडले,
त्याच्या स्पीकरला हे पेललंच नसेल.
किंवा पेललं. आणि त्यानं राहू दिलं."
वहीत त्या नावापुढे आकडा नव्हता.
खोडून खोडून कागद तिथे पातळ झालेला.

उन्हाळ्यात आमची इमारत पाडणार.
पोटाखाली लोखंड आहे, म्हणून गावच
पूर्वेला चाललंय, बिऱ्हाडासकट.
नवी जागा तो बघून आलाय, टाच आपटून.
जमीन काँक्रीटची.
आवाज कानात राहील, पायातून चढणार नाही.
"खोल्या दोन आहेत," म्हणाला. "खोली नाही."

रात्री एक-वीसच्या सुमाराला खाणीत सुरुंग उडतात.
त्याआधी तो यंत्रं बंद करतो, नेहमी;
खरं आणि सिनेमातलं मिसळू नये म्हणून.
आज त्यानं पडदा विझवला,
मायक्रोफोन तसाच ठेवला.
बसून राहिलो. भांडण कुठे राहिलं कोण जाणे.
मी घड्याळाकडे, तो स्वतःच्या मोज्यांकडे बघत.

मग ते आलं, खालून,
लाकडी जमिनीच्या फळ्याफळ्यांतून, गुडघ्यांपर्यंत.

त्यानं आकडा बघितला नाही.
"काचेचं काही वाजलं का?"
माझ्या ओठांकडे बघत विचारलं.
मांडीवरच्या रुमालात तुकडे अजून
एकमेकांना बारीक लागत होते.
"वाजलं," मी म्हणाले.

त्यानं वही माझ्याकडे सरकवली.